माहेरचा बुलबुल, सासरचा बुलबुल

माझ्या माहेरी ज्याला बुलबुल म्हणतात तो पक्षी वेगळा आणि सासरी ज्याला बुलबुल म्हणतात तो वेगळा. माहेर रत्नागिरी जिल्ह्यातले, देवरुखच्या बाजूचे. सासर मध्य प्रदेशातले बालाघाट. दोन्ही घरांत मराठी बोलतात, दोन्ही अंगणांत जास्वंद आहे, आणि दोन्हीकडे जास्वंदीवर येऊन बसणाऱ्या पाखराला माणसे नुसते ‘बुलबुल’ म्हणून मोकळी होतात. कुठला बुलबुल, असे कोणी विचारत नाही. ज्याच्या दारात जो, तो त्याचा. पण हजारएक किलोमीटर ओलांडून आलेल्या सुनेला हा प्रश्न पडतोच. दोन घरे पाहिलेल्या बाईला तुलना चुकत नाही; ती आमटीची होते, लुगड्याची होते, बोलण्याची होते, तशी पाखरांचीही होते.

आधी दोघांची ओळख करून द्यायला हवी, कारण पुष्कळ वाचकांच्या अंगणात यातला एकच असेल. आमचा बालाघाटचा तो लालबुड्या बुलबुल. डोके काळे कुळकुळीत, त्यावर आखूड आणि जराशी विसकटलेली शेंडी. दचकला किंवा रागावला की ती उभी राहते. अंगाचा रंग धुरकट तपकिरी आणि पिसांना फिकट कड, त्यामुळे छातीवर आणि पाठीवर माशाच्या खवल्यांसारखी नक्षी उमटलेली दिसते. उडाला की शेपटीच्या मुळाशी, पाठीच्या बाजूने, पांढरे झळकते. शेपटीच्या टोकालाही पांढरी किनार. आणि शेपटीखाली, अगदी बुडाशी, गडद लाल.

माहेरी हा लालबुड्या नाही असे नाही. आहे, पण अंगणावर राज्य दुसऱ्याचे; शिपाई बुलबुलाचे. लांबीने दोघे जवळजवळ सारखे, वीस सेंटिमीटरच्या आसपास. पण शिपाई दिसायला सडपातळ आणि नीटनेटका. त्याची शेंडी उंच, काळी, टोकदार, किंचित पुढे झुकलेली. म्हणून त्याला नारद बुलबुलही म्हणतात. गाल पांढरे, गालाखाली काजळाच्या काडीने ओढावी तशी बारीक काळी रेघ, आणि डोळ्यामागे लालभडक ठिपका. पोट पांढरे, छातीच्या दोन बाजूंना तुटलेल्या हारासारखा गडद पट्टा. दोन्ही जातींत नर-मादी दिसायला सारखेच. तेव्हा डोळ्यामागचे ते कुंकू बाईचे की बुवाचे, हे नुसते पाहून कोणालाही सांगता येणार नाही.

नावांचीही गंमत आहे. मराठीने आमच्या बुलबुलाला लालबुड्या म्हटले. जे दिसले ते सांगितले, आडपडदा नाही. आमच्या सासूबाई सोवळ्याओवळ्याच्या फार. चारचौघांत हे नाव घ्यायची वेळ आली की त्या नुसते ‘थो आपला बुलबुल’ म्हणत. शेजारच्या हिंदी बोलणाऱ्या वहिनी मात्र त्याच पाखराला खुशाल ‘गुलदुम’ म्हणायच्या. दुम म्हणजे शेपूट आणि गुल म्हणजे फूल. एकाच पाखराचे तेच अंग. मराठीला तिथे बूड दिसले आणि हिंदीला फूल. भाषांचे स्वभाव कळायला याहून सोपे उदाहरण मला आजवर मिळालेले नाही. दोन्ही नावे खरी आहेत, एवढे मात्र लक्षात ठेवावे. शिपायाचे मराठी नाव हिंदीतही ‘सिपाही बुलबुल’ म्हणून चालते. तिथे भांडण नाही.

शास्त्रातली नावे लिनिअसने ठेवलेली. शिपायाला त्याने 1758 साली ‘जोकोसस’ म्हटले, म्हणजे विनोदी, आनंदी. लालबुड्याला 1766 साली ‘काफर’ हे नाव मिळाले, ते पाखरू आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडचे आहे या समजुतीने. वास्तविक लालबुड्या तिकडचा नव्हेच. तो आपल्या उपखंडातला. पण शास्त्राचा नियम असा, की एकदा ठेवलेले नाव पत्ता चुकला म्हणून बदलत नाहीत. अडीचशेहून अधिक वर्षे हे पाखरू दुसऱ्याच देशाचा पत्ता नावात घेऊन आमच्या जास्वंदीवर बसते आहे. आणि ‘बुलबुल’ हा शब्द तरी कुठे आपला? फारसी कवितेत गुलाबाच्या प्रेमात पडून रात्रभर गाणारा बुलबुल वेगळ्याच कुळातला. त्याचे नुसते नाव इकडे आले आणि आमच्या पाखराने ते आपलेसे केले.

मी 1974 साली बालाघाटला आले. हावडा मेलने गोंदियाला उतरायचे आणि तिथून छोट्या रेल्वेत बसायचे. गोंदिया ते बालाघाट अंतर चाळीसेक किलोमीटर, पण त्या गाडीला घाई म्हणून नसे. बाहेर धानाच्या बांध्या, मोहाची झाडे, पळस. गोंदियाला चढलेली माणसे मराठीत बोलत होती, मधल्या स्टेशनांवर चढलेली हिंदीत, आणि तासाभराने कोण कुठल्या भाषेत बोलते आहे हे सांगता येईनासे झाले. त्या मार्गावर आता मोठी गाडी धावते. पण डब्यातले बोलणे अजून तसेच आहे.

आल्यावर आठवडाभराने मी मागच्या दारी उभी राहून जामाच्या झाडाकडे टक लावून पाहत होते. (माहेरचा पेरू इथे जाम होतो.) सासूबाई मागून येऊन म्हणाल्या, ‘काय पाहून राहिली वं? बुलबुल हाये थो.’ मी म्हटले, ‘आमच्याकडचा असा नसतो.’ त्यांनी माझ्याकडे पाहिले, झाडाकडे पाहिले आणि म्हणाल्या, ‘तुमच्याकडचा तुमच्याकडे.’ त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. त्या बाईने एका वाक्यात वाटणी करून दिली आणि धान पाखडायला बसल्या.

ज्यांना या भागाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. बालाघाट जिल्हा इंग्रजांनी 1867 मध्ये भंडारा, मंडला आणि सिवनी या जिल्ह्यांचे तुकडे जोडून केला. पुढे मध्यप्रांताची आणि स्वातंत्र्यानंतरच्या जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती, आणि त्या राज्याच्या कारभारात हिंदी आणि मराठी दोन्ही भाषांना स्थान होते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्ये नव्याने आखली गेली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. त्या दिवशी वैनगंगेचे पाणी काही थांबले नाही. ती बालाघाटवरून तशीच भंडाऱ्याकडे वाहत गेली. वारासिवनी, कटंगी, लांजी या बाजूच्या घरांतून मराठी राहिली, पोवारी राहिली. पोवारी ही तर आणखी मौजेची. हिंदी बोलणाऱ्याला ती मराठी वाटते, मराठी बोलणाऱ्याला हिंदी; आणि बोलणाऱ्याला ती पोवारीच वाटते. माझी सून वारासिवनीची आहे. ती माहेरी फोनवर बोलताना ‘मी जासू’ म्हणते तेव्हा त्यातला ‘मी’ माझ्या ओळखीचा असतो आणि ‘जासू’ तिचा.

आता खरे ते सांगायला हवे. माझी माहेरची माणसे प्रेमळ आहेत. पण पन्नास वर्षे त्यांनी माझ्या सासरच्या दोन गोष्टींची एकाच सुरात चौकशी केली आहे. एक, ‘तुमच्या बुलबुलाची शेंडी कुठे गेली?’ आणि दुसरी, ‘तुमच्या मराठीचे हे काय झाले?’ दोन्हींत गृहीत एकच: मूळ वस्तू आमच्याकडची, तुमच्याकडची तिची झिजलेली आवृत्ती. माझ्यापुरते मी ते हसण्यावारी नेले. मी कोकणातून मराठी बरोबर घेऊन आलेली. मला कोण काय म्हणणार? पण दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात माझी नात, तेव्हा अकरा वर्षांची, महिनाभर देवरुखला गेली. तिथे मुलांत खेळताना ती म्हणाली, ‘मी येऊन राहिली.’ मुले हसली. पोरेच ती, हसून विसरूनही गेली असतील. नात विसरली नाही. परत आली ती मराठी बंद करूनच. शाळेत हिंदी आणि इंग्रजी होतीच, आईशी पोवारी होती. आजीशी बोलायची भाषा तेवढी तिने मिटून ठेवली. मी मराठीत विचारायची, ती हिंदीत उत्तर द्यायची. असे सात महिने चालले.

मराठीला 3 ऑक्टोबर 2024 रोजी अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला तेव्हा आम्हा सगळ्यांनाच आनंद झाला, पेढे वाटले. पण आमच्यासारख्या जिल्ह्यात भाषा दर्जावर जगत नाही, ती स्वयंपाकघरातल्या बोलण्यावर जगते. या घरात नातीने मराठी सोडली असती तर ती माझ्याबरोबरच गेली असती. तिला कोणी मनाई केली नव्हती, कोणी छळले नव्हते. आपले बोलणे म्हणजे दुसऱ्याच्या बोलण्याची बिघडलेली नक्कल आहे, एवढेच एका मुलीला वाटले होते. भाषा मरायला तेवढे पुरते.

पुढच्या उन्हाळ्यात व्हरांड्यातल्या मधुमालतीच्या वेलात लालबुड्याने घरटे केले. हे पाखरू माणसाला फारसे बुजत नाही. कुंडीत, वेलात, दिव्याच्या मागे, कुठेही घर थाटते. काटक्या, मुळ्या, वाळकी पाने यांची वाटी, तिला कोळ्याच्या जाळ्याची बांधणी. अंडी बहुधा दोन किंवा तीन, फिकट गुलाबीसर, त्यावर लालसर ठिपके. सुमारे दोन आठवडे उबवणे. मग पिल्लांसाठी आईबापांच्या किडे-अळ्यांच्या खेपा सुरू. मोठा झालेला बुलबुल फळांवर जगतो, पण पिल्लाला आधी किडे. पुष्कळ घरटी फसतात. मांजर आहे, कावळा आहे, सरडा आहे, भारद्वाज आहे. फसले की जोडी फार दिवस शोक करीत बसत नाही, पुन्हा मांडते. शिपायाचे घरटे, अंडी, पिल्लांचे संगोपन सगळे याच वळणाचे. संसार दोघांचा सारखाच, वेगळेपण सगळे चेहऱ्यावर.

नातीने घरट्याचे फोटो देवरुखच्या भावाला पाठवले. त्याचे उत्तर आले, ‘याला शेंडी का नाही?’ नात भडकली. ‘आजी, इसको है! उसको दिखती नहीं क्या?’ मग ती वही घेऊन बसली. दोन बुलबुलांचा तक्ता करून त्याला पाठवणार होती. तिने पहिल्या रकान्यात शिपाई लिहिला आणि दुसऱ्यात, लालबुड्याच्या नावाखाली, उंच शेंडी नाही, लाल ठिपका नाही, पांढरा गाल नाही, अशी ओळीने यादी केली. मी ते वाचले आणि तिला एकच नियम घालून दिला: या वहीत ‘नाही’ हा शब्द लिहायचा नाही. ज्याच्याजवळ जे आहे तेवढेच लिहायचे.

नियम साधा होता, पण त्याने तक्ता सगळा पालटला. लालबुड्याच्या रकान्यात खवल्यांची नक्षी आली, पाठीवरचा पांढरा डाग आला, रागावल्यावर उभी राहणारी शेंडी आली. शिपायाच्या रकान्यात गालाची रेघ, छातीचा तुटका हार. आणि भावाला नीट कळावे म्हणून तिला मराठी शब्द लागू लागले. ‘आजी, स्केल को क्या बोलते?’ ‘खवले.’ ‘और चोटी?’ ‘शेंडी. तुरा म्हण हवे तर.’ सात महिन्यांनी घरात मराठी पुन्हा आली ती अशी एकेक शब्द उसना मागत. मी शिकवायला बसले नव्हते. बुलबुलाचे वर्णन मराठीत हवे होते म्हणून ती विचारत होती. भाषेचे काम पडले की भाषा येते.

तक्त्यात तिसरा रकाना करावा लागला, ‘दोघांचे’ म्हणून. त्यात काळे डोके गेले. आणि मग नातीनेच पुस्तकातले चित्र पाहून शोधून काढले, की शिपायाच्याही शेपटीखाली लाल आहे! शेंडी आणि गालाचा ठिपका इतका नजरेत भरतो की बुडाकडे कोणाचे लक्ष जात नाही. म्हणजे लालबुड्या हे नाव खरे तर दोघांनाही चालले असते. एकाला दुसरे काही मिरवायला होते म्हणून त्याचे नाव वर गेले. दुसऱ्याचे नाव जिथल्या तिथे राहिले. फांदीखाली उभे राहून वर पाहिले की दोघांचे कुळ कळते.

आवाजाच्या रकान्यापाशी मात्र भांडण झाले. लालबुड्याची हाक तीन-चार ठसठशीत स्वरांची, आनंदी, सकाळी सगळ्यांच्या आधी ऐकू येणारी. सासूबाईंना त्यात ‘चल गं बाई’ ऐकू येई, शेजारच्या वहिनींना ‘चलो जी चलो’. सून म्हणते यातले काहीच नाही, तो नुसता शीळ घालतो. शिपायाचा आवाज त्याहून गोड आणि टोकदार, वळणेही जास्त. आमच्या माहेरी म्हणत, पाहुणा यायचा असला की शिपाई बोलतो. तो रोजच बोलायचा आणि कोकणात पाहुणाही रोजच यायचा, तेव्हा ते कधी खोटे पडले नाही.

खाण्यात दोघे सारखेच चोखंदळ आणि सारखेच चोर. जाम, पपई, वडाची-उंबराची फळे, फुलांतला मध, मधेच किडे. फळांची ही ओढ नुसत्या चवीची नाही. कोलकात्याच्या रॉय आणि गुहा या संशोधकांनी 1958 मध्ये दाखवून दिले की लालबुड्याला आपल्या शरीरात क जीवनसत्त्व तयार करता येत नाही. बहुतेक प्राण्यांना ते येते. माणसाला येत नाही आणि या पाखरालाही येत नाही. तेव्हा जामाच्या झाडावर आम्ही आणि तो एकाच गरजेपायी जातो. फळ खाल्ले की बी दूर नेऊन टाकणे हा दोघांचा धंदा. त्यात झाडांचे भले होते आणि कधी नुकसानही. घाणेरीची काळी फळे दोघेही खातात आणि तिचे बी रानभर पेरतात. कोकणात जिला घाणेरी किंवा टणटणी म्हणतात तिला इकडे रायमुनिया म्हणतात. रायमुनिया! नाव ऐकून वाटावे एखाद्या राजाची लाडकी लेक. कान्हाचे जंगल आमच्या जिल्ह्यातही येते; तिथल्या वनखात्याच्या माणसांना विचारा ही लाडकी किती त्रास देते ते.

हे पाखरू माणसाबरोबर समुद्रापलीकडेही गेले आहे, आणि तिथला योगायोग वाचून मी थक्क झाले. शिपाई बुलबुल 1892 मध्ये मॉरिशसला पोहोचला. त्याच मॉरिशस बेटावर एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून मराठी मजूर उसाच्या मळ्यांवर गेले होते, त्यांत आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातली माणसे पुष्कळ. लालबुड्या 1903 च्या सुमारास फिजीला गेला. तिथे हिंदी मुलुखातले गिरमिटिये ऊस लावत होते, आणि हे पाखरूही त्या मजुरांनीच नेले असे सांगतात. माहेरचा बुलबुल मराठी माणसे होती त्या बेटावर, सासरचा हिंदी माणसे होती त्या बेटावर! पाखरांनी काही भाषा पाहून बेट निवडले नसणार. पण मजुरी करायला दूर गेलेल्या माणसांच्या मुलखातली गाणी त्यांच्या मागून तिथे पोहोचली, एवढे खरे. मॉरिशसजवळच्या रियुनियन बेटावर शिपाई 1972 मध्ये गेला. तिथले लोक त्याला ‘मॉरिशसचा पक्षी’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. शेवटचा मुक्काम तेवढा लोकांना आठवतो. मला बालाघाटात ‘कोकणातली’ म्हणतात आणि देवरुखात ‘बालाघाटवाली’. तेव्हा हे मला समजावून सांगायला नको.

पण या कथेत गहिवरण्यासारखे सगळेच नाही. नव्या देशात गेलेल्या या पाहुण्यांनी फळबागांचे नुकसान केले, परक्या झाडांचे बी रानात पसरवले. जगातल्या 100 सर्वांत उपद्रवी उपऱ्या जीवांची जी यादी निसर्गसंरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने काढली आहे, तीत आमच्या लालबुड्याचे नाव आहे. आमच्या अंगणात तो लेकरासारखा. तिथे तो दरोडेखोर. जागा बदलली की त्याच गुणांची किंमत बदलते. नातीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, ‘तो फिर वो यहीं रहे ना.’ बरोबरच आहे. आपल्या जागी असणे ही पाखरापुरती तरी मोठी गोष्ट आहे.

पुण्याच्या बागांतून हे दोन्ही बुलबुल एकाच उंबरावर दिसतात. माझ्या भाचीकडे गेले की मी सकाळी गच्चीत जाऊन बसते. शिपाई शेंड्यावर, लालबुड्या मधल्या फांदीवर. फळावरून एखादी चकमक होते, शेंड्या ताठ होतात, आणि थोड्या वेळाने दोघे आपापल्या जोडीकडे जातात. पिंजऱ्यात कोंडून ठेवल्यावर दोन जातींचा संकर झाल्याच्या नोंदी आहेत. मोकळ्या झाडावर प्रत्येकाला आपले कोण ते कळते. एकमेकांच्या इतके जवळ राहूनही कोणी कोणाची नक्कल करीत नाही. लालबुड्याला शेंडी वाढवायची घाई नाही, आणि शिपायाला आपण खरे बुलबुल असल्याचा दाखला मागावासा वाटत नाही.

आमच्या शेजारच्या जिल्ह्यात, नवेगावबांधच्या रानात, मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून राहिले. 2025 मध्ये ते गेले. पाखरांची आणि झाडांची नावे त्यांनी आदिवासींकडून, कोळ्यांकडून, झाडीपट्टीतल्या साध्या माणसांकडून ऐकून टिपली आणि ‘पक्षिकोश’ मराठीला दिला. त्यांच्या कामातून मी एक गोष्ट घेतली. नाव पुस्तकातून खाली येण्याची वाट पाहायची नाही. ते ज्याच्या तोंडी आहे त्याच्याकडून घ्यायचे. आमच्या घरात या एका पाखराची तीन-चार नावे आहेत. ती सगळी नातीच्या वहीत लिहिली गेली, आणि सासूबाईंचे ‘थो आपला बुलबुल’ हेही तिने मला विचारून त्यात घातले.

वहीत एकदाच पेच पडला. शिपायाच्या पिल्लाला डोळ्यामागचा लाल ठिपका नसतो, शेपटीखालचा रंगही फिका, नारिंगीसर. लाल पुढे येतो. नियमाप्रमाणे ‘नाही’ लिहायचे नाही, मग हे कसे लिहावे? नात बराच वेळ पेन्सिल चावत बसली. मग तिने लिहिले, ‘लाल ठिपका: अजून.’ एवढेच. मी त्यात दुरुस्ती केली नाही. त्याहून नेमके मलाही सुचले नसते.

तो तक्ता देवरुखला गेला. भावाने उलट तिकडच्या शिपायाचे चार फोटो पाठवले आणि आणखी दोन प्रश्न विचारले. आता दोघांचे पाखरांवरून बोलणे चालते, तिकडून कोकणातले आणि इकडून आमचे. परवा ती त्याला फोनवर सांगत होती, ‘थांब, मी खिडकीतून पाहून राहिली आहे.’ तिकडून कोणी हसल्याचे मला ऐकू आले नाही. हसले असते तरी या वेळी तिने फोन ठेवला नसता, असे तिच्या आवाजावरून वाटले. ती पाहत होती आणि जे दिसत होते ते सांगत होती. अजून अर्धी उत्तरे मला हिंदीत मिळतात. मी घाई करीत नाही.